मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलाला थीम पार्कला न्यावं का? (ठाण्याहून खोपोली)

घोडबंदरची_आई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगा 9 वर्षांचा, ऑटिझम आहे. मोजके शब्द बोलतो, बाकीचं टॅबवर अवाझ ॲपमधली चित्रं दाबून सांगतो. ठाणे-नेरूळ लोकल म्हणजे त्याचा जीव की प्राण. सगळी स्टेशनं ओळीने म्हणतो, तीही घोषणेच्या सुरात. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि ठाण्यानंतर थेट ऐरोली येईना, तर तीन आठवडे घरात सुतक. रोज रात्री वहीत नवी लाइन काढून त्यावर दिघा गावचा ठिपका द्यावा लागायचा, तेव्हा झोप.

तर, दिवाळीनंतर माझी थोरली बहीण सांगलीहून येतेय. तिच्या मुलांना (11 आणि 14) खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क बघायचंय. ताईचा आग्रह, "तुम्ही नसाल तर आम्हीही नाही जात, सगळी भावंडं एकत्र हवीत." बोलणं मायेचं आहे, म्हणून तर नाही म्हणवत नाही. पण माझ्या पोटात आत्तापासून गोळा.

कारण मागच्या मे महिन्यात दुसऱ्या एका पार्कात गेलो होतो (नाव घेत नाही). गेटवर तपासणीत त्याचे कानावर लावायचे हेडफोन "इलेक्ट्रॉनिक वस्तू" म्हणून ठेवून घेतले. दहीभाताचा डबाही बाहेरच. तो बाहेरचं काही म्हणजे काहीच खात नाही. मग पत्र्याखाली चाळीस मिनिटं रांग, डोक्यावर भोंगा. आमचा नंबर येणार तेवढ्यात राइड तपासणीसाठी बंद केली. तो खाली पडला आणि कठड्यावर डोकं आपटायला लागला. मी मध्ये हात घालून बसले, मनगट आठवडाभर काळंनिळं होतं. दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. एका काकांनी सल्ला दिला, "दोन ठेवून द्या, सरळ होईल."

आता विचारायचं ते असं. रांगेचं काय करता? युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, ते अशा ठिकाणी दाखवून उपयोग होतो का? कुठल्या राइड झेपतील? की सरळ ताईला नाही सांगू, आणि सांगू तर कसं?

नेरूळवाला

आधी तुमच्या मनगटाला सलाम.

पहिलाच प्रयोग खोपोलीला करू नका. एकदा घर सोडलं की सगळा दिवस त्यातच. तिथे 11 वाजता बिनसलं तर सांगलीच्या पाहुण्यांसकट सगळ्यांची वरात परत आणणार का? आमच्या नेरूळचं वंडर्स पार्क आधी करा. महापालिकेचं आहे, तिकीट खिशाला परवडणारं. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत आणि मुख्य म्हणजे टॉय ट्रेन आहे. ठाण्याहून त्याच्याच लाडक्या लाइनने यायचं, स्टेशनवरून रिक्षा. अर्ध्या तासात मूड गेला तरी फारसं काही बुडत नाही. शनिवार-रविवार मात्र येऊ नका, संध्याकाळी तर नकोच.

ओटी_कोपरखैरणे

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, अशी मुलं रोज बघते. तुमचा मुलगा मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे ढोबळच समजा.

रांगेत त्रास उभं राहण्याचा नसतो. रांग कधी संपणार हे दिसत नाही, त्याचा असतो. लोकलमध्ये तो मजेत बसतो ना? कारण किती स्टेशनं उरली हे त्याला ठाऊक असतं. मग रांगेलाही स्टेशनं द्या. पुठ्ठ्यावर सहा ठिपके, वेल्क्रोने चिकटवलेला लोकलचा डबा, दर काही मिनिटांनी एक ठिपका पुढे. शेवटचा ठिपका तुमच्या हातात ठेवा, म्हणजे राइड बंद पडली तर सरळ "गाडी लेट आहे" म्हणता येईल. लेट गाडी मुंबईतल्या पोराला कळते! आत्तापासून सराव करा: लिफ्टसाठी, डोशासाठी, वाण्याकडे. आधी अर्धा मिनिट, मग हळूहळू वाढवा.

हेडफोनऐवजी इअरमफ घ्या. ड्रिलिंगवाले कामगार लावतात ते, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ना बॅटरी ना वायर, त्यामुळे गेटवर वादच नाही.

गोल फिरणाऱ्या राइडचं एक लक्षात असू द्या. काही मुलांना चक्कर येतच नाही असं वाटतं, ती पुन्हा पुन्हा बसतात आणि त्याचे परिणाम दोन-तीन तासांनी दिसतात: उलटी, चिडचिड, रात्री झोप नाही. दोन फेऱ्या झाल्या की झाडाखाली बसवा, पाठीवर सॅक द्या, काहीतरी कुरकुरीत चावायला द्या. आणि फिट येण्याचा काही इतिहास असेल तर लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय अंधाऱ्या राइडकडे फिरकूही नका. ऑटिझमबरोबर फिट्स बऱ्याच मुलांत असतात.

शेजारच्या वॉटर पार्कबद्दल दोनदा विचार करा. हात सोडून पळणारी मुलं बऱ्याचदा पाण्याकडेच धावतात. एका मोठ्या माणसाचं काम तेवढंच हवं: त्याच्यावर नजर. फोन नाही, फोटो नाही, भाच्यांची पाकिटं सांभाळणं नाही. आणि तिथे सुती कपडे चालत नाहीत, अंगाला चिकटणारा नायलॉनचा पोशाख लागतो. काही मुलांचा दिवस तिथेच संपतो.

स्पष्टवक्ता_ठाणे

राग मानू नका, पण टॅब काढून घ्या, चार मुलांत सोडा, आपोआप शिकेल. आमच्या वेळी असलं ऑटिझमबिटिझम काही नव्हतं.

चरईतली_आजी

होतं हो. आमच्या वेळीही होतं. माझा धाकटा दीर असाच होता. पाहुणे आले की त्याला माडीवर पाठवायचे आणि बाहेरून कडी. गावची जत्रा घरापासून हाकेच्या अंतरावर, साठ वर्षांत एकदाही नेला नाही त्याला. माडीच्या खिडकीतून पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसायचा, तेवढा बघायचा.

टॅब ही त्या पोराची जीभ आहे. ती काढून घ्या म्हणताय तुम्ही.

एडिसनकर

मूळची पाचपाखाडीची, आता न्यू जर्सीत. माझी मुलगी 12 वर्षांची, ऑटिस्टिक.

इकडे डिस्नेमध्ये अशा मुलांना रांगेत उभं करत नाहीत. परत यायची वेळ देतात, तोवर बाहेर फिरा. 2024 मध्ये त्यांनी ते नियमही बरेच आवळले, तेव्हा इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. मला तिथल्यापेक्षा सेसमी प्लेसची पद्धत जास्त उपयोगी पडली. 2018 मध्ये ऑटिझमसाठीचं प्रमाणपत्र मिळवणारं ते पहिलं थीम पार्क. प्रत्येक राइडला स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य यांसाठी 1 ते 10 गुण देऊन ठेवलेत. म्हणजे आवाज 9 असेल तर आम्ही त्या बाजूलाच जात नाही.

तसा तक्ता घरी करता येतो. यूट्यूबवर प्रत्येक राइडचे बसल्या जागेवरून काढलेले व्हिडिओ असतात. आधी तुम्ही एकट्या बघा, मग आवाज बंद करून त्याला दाखवा, मग आवाजासकट. तिसऱ्याला तो टॅब ढकलून पळाला की ती राइड यादीतून बाद.

कलम_कागद

कार्डाबद्दल. 1995 च्या अपंगत्व कायद्यात 7 प्रकार होते, ऑटिझम नव्हता. 2016 च्या कायद्यात 21 आहेत आणि त्यात तो आहे. भेदभाव करायचा नाही हे कलम 3 मध्ये, करमणुकीच्या ठिकाणी सहभागाचं कलम 29 मध्ये. पण गेटवरच्या पोराला कलमं ऐकवून काही होत नाही, त्याला सुपरवायझरचं नाव कळतं. म्हणून आठ-दहा दिवस आधी ईमेल करा. तीनच गोष्टी विचारा: इअरमफ, घरचा डबा आणि रांगेबाहेर थांबायची सोय. उत्तर येईल ते छापून न्या. वेगळी सोय नसेल तर रांग टाळायचं महागडं तिकीट असतं, ते तुमच्यापुरतंच काढा. सगळ्यांचं काढू नका, दिवाळं निघेल.

सात_बेचाळीस

मी 26 वर्षांचा, ऐरोलीत राहतो, ऑटिस्टिक आहे. मोठे परिच्छेद लिहीत नाही.

मला इमॅजिकातलं नायट्रो आवडलं. रोलर कोस्टर आहे. खांद्यावरून येणारा बार घट्ट बसतो ते बरं वाटतं. मिठीपेक्षा बरं. पुढे काय होणार ते खालून आधी बघता येतं, तेही बरं.

अंधारातल्या राइड नकोत. सलीमगढ भुताचं आहे. डीप स्पेस अंधारातलं रोलर कोस्टर आहे, वळण दिसत नाही.

संध्याकाळच्या परेडच्या आधी निघा. ढोल अंगात वाजतात.

स्वच्छतागृहात हात वाळवायचं मशीन असू शकतं. बाबांना आधी आत पाठवा.

गोल्ड रश एक्स्प्रेस हे नाव वाचून त्याला ट्रेन वाटेल. ते रोलर कोस्टर आहे. आधी सांगा, नाहीतर फसवलं असं वाटतं.

तुमच्या धाग्यात ताईला काय वाटतं ते आहे, भाच्यांना काय हवंय ते आहे. त्याला विचारलं का?

घोडबंदरची_आई

सगळ्यांचे आभार. आजी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

सात_बेचाळीस, खरं सांगते, नव्हतं विचारलं. पार्काचं चित्रच त्याच्या ॲपमध्ये नव्हतं, तर तो हो-नाही सांगणार कुठून? काल टाकलं. व्हिडिओ दाखवले. उडत्या हत्तींचा पाळणा चार वेळा लावायला लावला. घोड्यांचं मेरी-गो-राउंड चाललं. डायनासोरच्या बोटीला टॅब उलटा करून ठेवला, विषय संपला.

मंगळवारी शाळा बुडवून नेरूळला गेलो. पुठ्ठ्याची लोकल केली होती. तिकिटाच्या रांगेत चार ठिपके पुरले. टॉय ट्रेनमध्ये बसल्यावर मात्र भलतीच पंचाईत. गाडीला स्टेशनंच नाहीत! घोषणा नाही, काही नाही, नुसती गोल. चेहरा कसानुसा झाला, मी इअरमफ काढून तयार. मग त्यानेच सुरू केलं. ताजमहालाशी "दिघा गाव", पुढच्या वळणावर "ऐरोली". पुढच्या डब्यातलं एक पिल्लू मागे वळून "रबाळे" ओरडलं, ते काही त्याला आवडलं नाही, कारण रबाळे अजून यायचं होतं. तीन फेऱ्या झाल्या. तुर्भ्यापर्यंत पोचलो. मग त्याने टॅबवर "घर" दाबलं आणि पाच मिनिटांत आम्ही गेटबाहेर होतो. मी आणखी एका फेरीचा आग्रह केला नाही, ही माझी त्या दिवसातली कमाई.

ताईशीही बोलले. "नाही" म्हटलं नाही, पण एकत्र जाण्याचा अर्थ बदलून मागितला. भावोजी आणि मुलं सकाळी पुढे जातील. आम्ही तिघं आमच्या गाडीने, मधल्या वारी, दोन राइडपुरते, आणि परेडच्या खूप आधी परत. ताई दिवसभर आमच्याबरोबर राहणार आहे. मला वाटलं होतं हिरमुसेल. ती म्हणाली, "मला त्या पाळण्यांची मेली भीतीच वाटते, कुणाला सांगू शकत नव्हते."

ईमेल पाठवलाय, उत्तराची वाट बघतेय. आलं की इथे टाकते.

आता एक उरलेली शंका, ओटी ताई किंवा इतर कुणी सांगा. तो इअरमफ डोक्यावर वीसेक मिनिटं ठेवतो, मग घामाने कानामागे खाज येते आणि भिरकावतो. आतल्या गादीला सुती कापडाची खोळ शिवून कुणी वापरली आहे का? आवाज आत शिरतो का त्याने?