अनुभव धागा : पारख कुठे चुकते?

माणसाची किंवा वस्तूची खरी योग्यता समोर असूनही कुणाच्या लक्षात आली नाही, असे प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेले असतात. कोण चुकले यापेक्षा कशामुळे चुकले, हे उलगडणारे अनुभव येथे अवश्य लिहावेत.

•

मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात होतो. तेथील एक ज्येष्ठ फिटर चालू मोटारीच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून मूठ कानाशी धरत आणि आतली बारीक खरखर ऐकून कोणते बेअरिंग बदलायला हवे, ते आधीच सांगत. नव्या व्यवस्थापकांनी प्रत्येकाने दुरुस्त केलेल्या बिघाडांचा तक्ता मागवला. फिटरमामांच्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हते, कारण त्यांच्या यंत्रांत बिघाड होतच नसे. ज्यांची यंत्रे वारंवार बंद पडत, ते मात्र कामसू ठरले. मामांची रवानगी भांडारात झाली. पुढे मोटारी जळू लागल्या, तेव्हाही दोष पुरवठादाराच्या माथी मारला गेला आणि तक्ता तसाच चालू राहिला.

•

मी गणित शिकवते. वर्गात कधीही हात वर न करणाऱ्या एका मुलीला सहकारी ‘मंद’ म्हणत. तिच्या कच्च्या वहीत एकच उदाहरण तीन रीतींनी सोडवलेले होते आणि एका रीतीशेजारी लिहिले होते : ‘उत्तर बरोबर, पण कारण पटत नाही.’ तोंडी परीक्षेत अशा शंकेला गुण नसतात.

•

जुन्या हस्तलिखितांचे जतन हे माझे काम असल्याने एक वेगळी बाजू मांडतो. प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या ग्रंथांच्या दहाव्या शतकातील एका प्रतीवरची अक्षरे पुढे खरवडून, 1229 मध्ये त्याच चर्मपत्रांवर (लिहिण्यासाठी तयार केलेल्या कातड्यांवर) प्रार्थनापुस्तक लिहिले गेले. खालची पुसट अक्षरे कुणाची, हे 1906 मध्ये हायबर्ग या अभ्यासकाने ओळखले. त्यांतील ‘मेथड’ या ग्रंथाची दुसरी प्रत आजवर सापडलेली नाही. खरवडणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, परंतु चर्मपत्र महाग होते आणि त्याला प्रार्थनापुस्तकाची गरज होती. शिवाय (हे मला अधिक विचारात पाडते) पुढची कित्येक शतके ती पाने जपली गेली, ती वरच्या प्रार्थनांसाठीच.