फीबी शनीची सख्खी लेक नव्हे

शनीचे सगळे चंद्र त्याच्याबरोबरच जन्मले, असं म्हटलं जातं. टायटन या सगळ्यात मोठ्या चंद्राबाबत ठीक, पण फीबी या छोट्या चंद्राबाबत पटत नाही. ती शनीभोवती उलट्या दिशेने फिरते, तेही सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवरून; एका फेरीला जवळपास ५५० दिवस. जन्माच्या वेळी शनीभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीतून घडलेला चंद्र असा उलटा कसा फिरेल? बाहेरून येऊन पकडली गेलेलीच ती.

कॅसिनी यानाने ११ जून २००४ला काढलेले फोटो जरूर बघा. पृष्ठभाग कोळशासारखा काळा, आणि विवरांच्या कडा जिथे ढासळल्यात तिथे खालचा पांढराशुभ्र बर्फ उघडा पडलाय!

तिच्यावरून उडालेल्या धुळीचं अवाढव्य कडं २००९मध्ये स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला सापडलं. हीच धूळ आयापेटस या शनीच्या दुसऱ्या चंद्राच्या पुढच्या, म्हणजे तो ज्या दिशेने जातो त्या बाजूवर बसते, म्हणून ती काळवंडलीये.

आपल्या इंदूरकरांच्या सहा इंची दुर्बिणीतून फीबी दिसायची नाही, फारच अंधुक आहे. आयापेटस मात्र इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवरून नक्की बघा: शनीच्या पश्चिमेला असताना उजळ, पूर्वेला गेला की काळवंडलेली बाजू आपल्याकडे येते आणि तो बराच मंद होतो. फीबीच्या धुळीचा परिणाम असा आपल्या डोळ्यांनी बघता येतो. महिनाभराने पुन्हा बघितलंत तर फरक लगेच कळेल.