सल्ला हवा: मार्चच्या कॉन्सर्टसाठी केल्टिक ढंगाचे पीस (बजेट १५० डॉलर)

थर्ड_क्लॅरिनेट
नमस्कार मंडळी. ओहायोतल्या एका छोट्या गावच्या कम्युनिटी कॉन्सर्ट बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवते. बँडची म्युझिक लायब्ररी सांभाळायचं कामही यंदा माझ्या गळ्यात पडलंय. सेंट पॅट्रिक्स डेच्या (१७ मार्च, आयरिश लोकांचा सण) आठवड्यात आमचा कार्यक्रम असतो. कंडक्टर म्हणाले, "आयरिश-स्कॉटिश काहीतरी शोध." दोन पीस हवेत, एक संथ आणि एक नाचरा.

माणसं तीसेक. क्लॅरिनेट आणि सॅक्स उदंड, हॉर्न एकच, बसून (bassoon, खालच्या सुराचं फुंकवाद्य) नाही, ओबो आला तर आला. लेव्हल (पीस किती अवघड त्याची श्रेणी) ग्रेड ३, फार ओढलं तर साडेतीन. बजेट दोन्ही मिळून १५० डॉलर. नुसतं ऐकलेलं नको, स्वतः वाजवलेलं सुचवा. आगाऊ धन्यवाद.

ट्रेंटनचे_तात्या
डोळे मिटून माल्कम आर्नल्डचे फोर स्कॉटिश डान्सेस घ्या. १९५७ चं काम, मूळ ऑर्केस्ट्रासाठी, बँडसाठी जॉन पेंटरने केलंय. आमच्या बँडने वाजवलं तेव्हा लोक उभे राहिले होते. दुसरा डान्स म्हणजे धमाल: रील (जलद नाचाची चाल) सुरू होते ई-फ्लॅटमध्ये, दर खेपेला अर्धा सूर वर चढते आणि एकदम बसून हे वाद्य ती इतकी हळू वाजवतं की दारू पिऊन घरी निघालेला माणूस समोर दिसतो. मग पुन्हा मूळ वेगात, मूळ सुरात. किमतीचं काय घेऊन बसलात, चांगल्या वस्तूला पैसे पडतातच.

थर्ड_क्लॅरिनेट
तात्या, बसून नाही हो आमच्याकडे. आणि ते आम्हाला झेपणारही नाही.

ट्रेंटनचे_तात्या
बास क्लॅरिनेटला द्या. झेपत नाही म्हणून बसलं की कधीच झेपत नाही.

फुकट_फौजदार
पैसे खर्चच कशाला करता? पर्सी ग्रेंजरचं 'आयरिश ट्यून फ्रॉम काउंटी डेरी'. बँडची प्रत १९१८ मध्ये छापली गेली, म्हणजे अमेरिकेत कॉपीराइट केव्हाच संपला. आयएमएसएलपीवरून (कॉपीराइट संपलेल्या संगीताची फुकट वेबसाइट) पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, उतरवा, लायब्ररीत प्रिंट काढा. त्याचंच 'मॉली ऑन द शोर'ही तिथे आहे. संथ झालं, नाचरं झालं, १५० डॉलरची पार्टी करा.

मिडलस्कूल_मास्तर
फौजदारसाहेब, 'मॉली' ग्रेड ३ च्या बँडला देणार? त्यातल्या क्लॅरिनेटच्या धावत्या ओळी बघितल्यात का? आणि 'आयरिश ट्यून' कागदावर सोपं दिसतं, ते संथ आहे म्हणून. ग्रेंजरने चार हॉर्नना वेगवेगळ्या ओळी दिल्यात आणि सगळी जान त्या मधल्या आवाजांत आहे. एका हॉर्नवर वाजवलंत तर चाल आणि बास उरेल, मधे भगदाड. सॅक्सकडे ओळी वळवून करता येतं, पण ते वेळ काढून लिहावं लागेल.

डब्लिनकर_देशपांडे
'आयरिश ट्यून' म्हणजे 'डॅनी बॉय'चीच चाल, मुळात ती कशाला? ते शब्द फ्रेड वेदरली नावाच्या इंग्रज वकिलाचे, १९१३ चे. तो आयर्लंडचाही नव्हता. इथे ते गाणं पर्यटक मागतात, आम्ही नाही.

फुकट_फौजदार
शब्द इंग्रजाचे असतील, चाल लिमावॅडीचीच आहे. जेन रॉस नावाच्या बाईंनी टिपून घेतली आणि १८५५ मध्ये पेट्रीच्या आयरिश चालींच्या संग्रहात छापून आली. बँड शब्द वाजवत नाही.

डब्लिनकर_देशपांडे
लिमावॅडी उत्तर आयर्लंडमध्ये येतं. आता मला बोलायला लावू नका.

एडिंबराची_वैनी
फ्रँक टिकेलीचं 'लॉख लोमंड' बघ गं. २००२ मध्ये स्कॉटलंडमधल्याच स्ट्युअर्टन अकॅडमीच्या मुलांसाठी लिहिलेलं, त्यामुळे वाजवता येण्यासारखं आहे. आमच्या बँडमध्ये वाजवलंय, शेवटी पहिल्या रांगेतल्या आजी रडत होत्या. फक्त ते सेंट पॅट्रिकच्या दिवशी वाजवू नकोस. स्कॉटिश आहे ते! इथे सेंट अँड्र्यूज डे नोव्हेंबरात असतो, तेव्हा वाजवा.

ट्रेंटनचे_तात्या
वैनी, मग सुचवलंत कशाला? आणि त्यांनी "आयरिश-स्कॉटिश" लिहिलंय. ओहायोत कोण तपासायला येतंय?

एडिंबराची_वैनी
तुम्ही मार्चमध्ये गणपती बसवता का तात्या?

निवृत्त_सुभेदार
जय हिंद. सैन्याच्या बँडमध्ये होतो, पचमढीला मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो. बॅगपाइपशिवाय हे संगीत म्हणजे मीठ नसलेलं जेवण. बीटिंग रिट्रीटला विजय चौकात पाइप्स अँड ड्रम्स निघतात तेव्हा अंगावर काटा येतो. ताई, एक पाइपवाला बोलवा, बाकी बँड मागे काहीही वाजवू दे.

ह्यूस्टनचा_ट्रंपेट
सुभेदारकाका, आदर ठेवून सांगतो, असं करू नका. आमच्या बँडने एकदा ऐन कार्यक्रमाच्या दिवशी पायपर बोलावला. तालीम नाही, काही नाही, लग्नात वाजवणारा गृहस्थ. पहिला सूर लागला आणि सगळ्या बँडने एकमेकांकडे बघितलं. आमचा बी-फ्लॅट एक, त्याचा निराळाच. त्याला हळू वाजवता येईना, आम्हाला जोरात वाजवून त्याच्या वर जाता येईना. कंडक्टरबाई नुसत्या हात हलवत होत्या.

निवृत्त_सुभेदार
दोष पाइपचा नाही, विचारपूस न करणाऱ्याचा आहे. पाइपवर 'ए' म्हणून लिहितात तो सूर आजकाल ४७५-४८० हर्ट्झच्या घरात असतो. तुमचा बी-फ्लॅट ४६६ चा. म्हणजे पाइप त्याच्याही वर. पायपरला आधीच विचारायचं: "४६६ चा चँटर (पाइपची बोटांनी वाजवायची नळी) आहे का?" बऱ्याच जणांकडे बँडबरोबर वाजवायला वेगळा असतो. सूर नऊच, कमी-जास्त आवाज नाही, मधे थांबणं नाही. म्हणून पीस बी-फ्लॅट किंवा ई-फ्लॅटमध्ये निवडायचा. आमच्याकडे पाइप बँड आणि ब्रास बँड आपापल्या जागी लावूनच मैदानात आणत. सामान्य शिस्त आहे ही.

थर्ड_क्लॅरिनेट
काका, हे फार कामाचं सांगितलंत, कंडक्टरना दाखवते. पण पायपर दीडशे डॉलरमध्ये बसेल असं वाटत नाही.

बर्मिंगहॅम_ब्रास
पीटर ग्रॅहमचं 'गेलफोर्स' कुणीच कसं सांगितलं नाही? मुळात ब्रास बँडसाठी (नुसती पितळी वाद्यं) आहे आणि तसंच ऐकावं, पण कॉन्सर्ट बँडची आवृत्तीही मिळते. 'रॉकी रोड टू डब्लिन', मधे 'मिन्स्ट्रेल बॉय', शेवटी रील. क्लॅरिनेटं आली की धार जाते हे माझं वैयक्तिक मत.

थर्ड_क्लॅरिनेट
मी क्लॅरिनेट वाजवते.

बर्मिंगहॅम_ब्रास
म्हणूनच वैयक्तिक म्हटलं.

दादरकर_तबलजी
बँडमधलं कळत नाही, पण ही आयरिश नाचाची जिग म्हणजे आपला दादराच ना? सहा मात्रा. आपल्या मुलांना सहज जमायला हवं.

मिडलस्कूल_मास्तर
मात्रा सहा, चाल वेगळी. जिगमध्ये तीनच्या गटातल्या पहिल्यावर वजन, दुसरा अंग चोरून, तिसरा पुढच्याला ढकलत नेणारा. तिन्ही सारखे वाजवले की शिलाई मशीन सुरू होतं. स्लिप जिग तर नऊची. रील सरळ चारात. ताई, तुमच्या तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेला एवढं एक सांगा, निम्मं काम होईल.

आता पीस. क्लेअर ग्रुंडमनची 'ॲन आयरिश ऱ्हॅप्सडी', १९७१. 'मिन्स्ट्रेल बॉय', 'कॉकल्स अँड मसल्स', 'रेक्स ऑफ मॅलो' वगैरे चाली ओवलेल्या आहेत, संथ आणि नाचरं दोन्ही एकाच पीसमध्ये. हॉर्न नसला तर दुसऱ्याच्या पार्टमध्ये ती ओळ बारीक अक्षरात दिलेली असते, जुने लोक ती काळजी घेत. ग्रुंडमन जन्माने तुमच्याच क्लीव्हलंडचे, ओहायो स्टेटमध्ये शिकलेले, कार्यक्रमात दोन वाक्यं बोलायलाही बरं. आणि विकत घेण्याआधी शेजारच्या हायस्कूलच्या बँड डायरेक्टरला फोन करा. असले सेट शाळांच्या कपाटांत धूळ खात पडलेले असतात. फक्त ट्रंपेटचा एखादा पार्ट हरवलेला असतो, तेवढं मोजून घ्या.

कॅलिफोर्नियाची_सई
मास्तरांना +१. ग्रुंडमनबाईंचं 'हेब्रिडीज सूट' पण गोड आहे.

मिडलस्कूल_मास्तर
ग्रुंडमन बाई नव्हेत, बुवा.

पिट्सबर्गचा_पिंट्या
मला वाटतं ग्रेंजरचं 'आयरिश ट्यून' बघा. कॉपीराइट संपलाय, नेटवर फुकट आहे. कुणी सुचवलं नसेल तर.

फुकट_फौजदार
😐

पिट्सबर्गचा_पिंट्या
माझ्याकडे इतर पीसचे पण स्कॅन आहेत, व्यनि करा.

मिडलस्कूल_मास्तर
अजिबात करू नका. ज्यांचं काम विक्रीत आहे त्यांचे स्कॅन घेऊन स्टेजवर बसायचं नाही. आणि सादरीकरणाचं लायसन्स हॉलकडे आहे का तेही बघून ठेवा, बहुतेकांकडे असतं.

नवी_फ्लूटवाली
भीत भीत विचारते, 'रिव्हरडान्स' चालेल का? लोकांना माहीत असतं.

ट्रेंटनचे_तात्या
नको. लिफ्टमध्ये वाजतं ते.

डब्लिनकर_देशपांडे
१९९४ च्या युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत मध्यंतराला सात मिनिटं होतं तेव्हा भारी होतं. बिल व्हेलन मोठा माणूस. त्यानंतर जगाने त्याचा चोथा केला.

बर्मिंगहॅम_ब्रास
मधेच मात्रा बदलतात. तीसजणांच्या हौशी बँडचा तिथे अपघात होतो.

एडिंबराची_वैनी
त्यापेक्षा मायकेल स्वीनीचं 'केल्टिक एअर अँड डान्स' घेतलंस तरी चालेल. पण ते शाळेतल्या पोरांचं आहे, नवशिक्यांना देतात. तुम्हाला कमीपणा वाटेल.

दादरकर_तबलजी
तो बकरीच्या कातड्याचा आयरिश डफ असतो ना, तो तरी ठेवा. माझ्याकडे हलगी आहे, कुरिअर करू?

मिडलस्कूल_मास्तर
बोऊरॉन. दमट हवेत कातडं सैल पडतं, तासाभरात आवाज बसतो. कॉन्सर्ट टॉम या ड्रमवर मऊ काठीने वाजवा, मागच्या रांगेला फरक कळत नाही. हलगी मात्र नको, ती बँडला झाकून टाकेल.

थर्ड_क्लॅरिनेट
सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

'आयरिश ट्यून' प्रिंट काढून तालमीत वाजवून बघितलं. आमचा एकमेव हॉर्न त्या दिवशी आलाच नाही. मास्तर म्हणाले ते भगदाड आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते पुढच्या वर्षीसाठी ठेवलंय. हायस्कूलच्या कपाटात ग्रुंडमन खरंच निघाला, पण पहिल्या क्लॅरिनेटचे सगळे पार्ट गायब.

शेवटी 'रिव्हरडान्स'ची एक सोपी अरेंजमेंट आणि संथसाठी स्वीनीचंच 'एअर अँड डान्स' घेतलं. दोन्ही मिळून बजेटच्या आत बसलं. कारण असं की गावात आयरिश डान्स शिकवणारी एक बाई आहे, तिच्या शिष्या मुली हार्ड शूज (टाप वाजणारे कडक तळाचे बूट) घालून स्टेजवर नाचणार आहेत आणि त्यांना 'रिव्हरडान्स'च हवं होतं. मुलींचे आईबाप आले तरी हॉल भरतो. आणि स्वीनीच्या पीसमध्ये कमीपणा वाटला नाही, वैनी. पहिल्यांदाच सगळा बँड एका सुरात लागला.

ट्रेंटनचे_तात्या
मग विचारलंत कशाला?

डब्लिनकर_देशपांडे
निदान 'डॅनी बॉय' टळलं.

मिडलस्कूल_मास्तर
हार्ड शूज असतील तर स्टेजचा मालक आधी गाठा. पॉलिश केलेल्या लाकडावर ओरखडे पडतात म्हणून ऐनवेळी नाही म्हणतात. वर प्लायवूड टाका, कडा टेपने चिकटवा. आणि पहिल्या तालमीला मुलींना बोलवाच. त्या त्यांच्या सीडीच्या वेगाने नाचतात, तुमच्या वेगाने नाही. कोण कुणाच्या मागे जाणार ते ठरवून घ्या.

थर्ड_क्लॅरिनेट
प्लायवूडचं डोक्यातच नव्हतं. उद्याच हॉलवाल्यांना फोन करते.

फ्रिस्को_टेक्सासची_आई
छान धागा. माझ्या मुलीला सहावीत क्लॅरिनेट मिळालंय. यामाहा कंपनीचं घ्यावं की बुफे कंपनीचं? बजेट ३०० डॉलर.

ट्रेंटनचे_तात्या
बुफे.

मिडलस्कूल_मास्तर
पहिलं वर्ष भाड्याने घ्या, दुरुस्तीसकट. आणि कृपया वेगळा धागा काढा.