आण्णांचा जुना टाटा-मर्सिडीज ट्रक, कॅम्पर करायचाय, मदत करा

हळदीचा_ट्रक (सांगली):
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांचा 1967 चा टाटा-मर्सिडीज ट्रक आहे, लांब नाक आणि जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेला. सांगली यार्डातनं हळदीची पोती वाहण्यात त्याची उमर गेली, आण्णा गेल्यापासून मळ्यात शेडखाली उभाय. भंगारवाला दोनदा भाव सांगून गेला पण आई नाही म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मलाही विकवत नाही. इंजिन चालू होतंय, स्प्रिंगचे पाटे चांगलेत, हौद्याच्या फळ्या मात्र कुजल्यात. हौदा काढून पत्र्याची बॉडी बांधायची, आत दोन बेड, ओटा, पाण्याची टाकी, आणि आईला घेऊन कास, कोयना फिरायचं. वेल्डर म्हणतोय चौकोनी पाइपची फ्रेम करून सरळ चेसिसला वेल्डिंग मारू. मारू का? आणि 50 वर्षांवरच्या गाडीचं व्हिंटेजमध्ये पासिंग होतं म्हणतात, ते खरं का?

कराडचा_बॉडीवाला:
दादा, चेसिसला वेल्डिंग अजिबात मारू देऊ नका. ट्रकची चेसिस शिडीसारखी असते, एक चाक खड्ड्यात गेलं की ती पिळते, आणि ती पिळावी म्हणूनच तशी केलेली असते. वर ताठ डबा वेल्ड केला की तो पीळ डब्यात जातो, मग कोपऱ्यात पत्रा फाटतो, दार अडकतं, आणि वेल्डिंगच्या कडेला चेसिसलाच चीर जाते. चेसिस आणि बॉडीच्या मधे लाकडी पट्टी टाका, यू-बोल्टनं आवळा, पुढच्या टोकाच्या बोल्टांना स्प्रिंग द्या म्हणजे डब्याला जरा उचलायला जागा मिळते. आवळताना चेसिसच्या लोखंडी चॅनेलच्या पोटात लाकडाचा ठोकळा बसवा, नाहीतर चॅनेलची कड दबते, हे पुष्कळ जण विसरतात. थोडं फिरून आलात की सगळे बोल्ट परत आवळा, लाकूड बसतं आणि बोल्ट ढिले होतात. केबिन आणि डबा वेगवेगळे हलतात, मधून जायला वाट ठेवणार असाल तर रबराचा भाता लावा.

मिरजेचा_भटक्या:
व्हिंटेजचं डोक्यातनं काढा भाऊ. 2021 चा नियम दुचाकी आणि खाजगी कारसाठी आहे, तेही मूळ रूपात ठेवलेल्या, त्यात ट्रक बसत नाही, त्यात तुम्ही बॉडीच बदलणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल करायच्या आधी आरटीओची परवानगी लागते. म्हणून पत्रा कापायच्या आधी आरसी आणि बॉडीचं ड्रॉइंग घेऊन साहेबांना भेटा. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे कॅम्परसाठी, एआयएस-124 हे स्टँडर्ड आहे, ड्रॉइंग करणाऱ्याला ते बघूनच काढायला सांगा. आरसी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद, आणि चेसिसवरचा नंबर वाचता येतोय का तेपण बघून ठेवा.

वाईची_ताई:
आमचा टाटा 407 चा कॅम्पर आहे म्हणून सांगते, सांगलीच्या मे महिन्यात नुसता पत्रा म्हणजे भट्टी. आतून उष्णता अडवणारा एक्सएलपीई फोम चिकटवा, पण नुसता पत्र्याला नाही, लोखंडी अँगलवर पण, आम्ही अँगल उघडे ठेवले होते आणि पहिल्या पावसाळ्यात महाबळेश्वरला सकाळी बरोबर त्या अँगलांवरून थेंब गळून गाद्या ओल्या झाल्या, दोघांच्या श्वासाचं पाणी हो ते! छताला छोटा 12 व्होल्टचा फॅन आणि खाली हवा यायला जागा हवीच. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळं सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा. आणि 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, एकच मोठी टाकी अर्धी भरली की पसरणी घाटाच्या वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी डुलते. दोन छोट्या टाक्या, मागच्या चाकांच्या पुढं, डावी-उजवी सारख्या. तुमच्या आई चढणार कशा? ट्रकचा फ्लोअर लई उंच असतो, दाराला घडीच्या पायऱ्या आणि धरायला दांडा आत्ताच ड्रॉइंगमध्ये टाका.

हळदीचा_ट्रक (सांगली):
सगळ्यांचे मनापासून आभार. वेल्डरला थांबवलाय. ताई, पायऱ्यांचं खरंच सुचलं नव्हतं. आज सकाळी मागच्या चार फळ्या काढल्या, सांध्यात अजून पिवळीधमक हळद आहे, आईनं बोटावर घेऊन वास घेतला. मग रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन चेसिस घासली, नंबर सापडला, शेवटचे दोन आकडे गंजात अडकलेत. उद्या परत घासतो आणि कागद लावून पेन्सिलीनं छाप घेतो, मग सोमवारी आरटीओ.