फवारा आणि हायड्रोजन: फक्त दाब पाहून चालणार नाही

अणुभट्टीच्या अपघातात तिच्याभोवतीच्या बंदिस्त इमारतीत (कंटेनमेंटमध्ये) वाफ साचते, तेव्हा वरून पाण्याचा फवारा मारतात; तो कंटेनमेंट स्प्रे. ‘कंटेनमेंट स्प्रेमुळे दाब उतरतो, म्हणजे धोका टळला’ हे विधान अर्धंच बरोबर आहे. दाब उतरतो तो वाफ थेंबांवर सांद्रित होते म्हणून. अपघातात तयार झालेला हायड्रोजन मात्र तेवढाच राहतो. समजा ६० टक्के वाफ, ३२ टक्के हवा आणि ८ टक्के हायड्रोजन आहे. एवढ्या वाफेत मिश्रण पेटत नाही. फवाऱ्याने वाफ २० टक्क्यांवर आणली की हायड्रोजन थेट १६ टक्के होतो, आणि मिश्रण चांगलंच ज्वलनशील!

सिम्युलेशनमध्ये म्हणूनच नुसता दाबाचा आलेख प्रयोगाशी जुळला, यावर समाधान मानू नये. पडणारे थेंब भोवतालचा वायू खाली ओढतात आणि घुमटाखाली साचलेला हायड्रोजनचा हलका थर मोडतात. संपूर्ण कंटेनमेंट एकच खण मानणाऱ्या मॉडेलमध्ये तो थर मुळात नसतोच. फ्रान्समधल्या तोस्कान या ७ घनमीटरच्या पात्रात हायड्रोजनऐवजी हीलियम वापरून हेच मिसळणं मोजलंय. पडताळणीसाठी तो डेटा घ्यावा. थेंबांचा एकच सरासरी व्यास धरणंही टाळा: बारीक थेंब लवकर तापून वाफेच्या तापमानाला पोचतात, मोठे थंडच तळाशी जातात.