क्रिकेटचे सर मुलाशी जरा जास्तच जवळीक करतायत, मी उगाच घाबरतेय का?

सातपूरची_आई:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा सातवीत आहे, क्रिकेट कोचिंगला जातो. सर तरुण आहेत, बोलायला गोड, आमच्या घरी येणंजाणं आहे, सासऱ्यांची औषधंसुद्धा येताना आणून देतात त्यामुळे घरात सगळ्यांना ते देवमाणूस वाटतात. दिवाळीत ह्याला एकट्याला महागातली बॅट दिली आणि सांगितलं की बाकीच्या पोरांना बोलू नको, जळतील. हल्ली प्रॅक्टिस संपली की ह्याला थांबवून घेतात आणि स्वतःच्या गाडीवरून सोडतात. रात्री अकराला मेसेज येतात, मी मोबाईल बघितला तर चॅट कोरी, मेसेज आपोआप उडतात असं सेटिंग आहे आणि ते सरांनीच लावून दिलंय म्हणे. आता बाहेरगावी मॅचला न्यायचंय, रात्रीचा मुक्काम, पालकांनी येऊ नका म्हणतात मुलं लाजतात. आमचे हे म्हणतात मुलगी असती तर समजलं असतं, मुलाचं कसलं टेन्शन. पुरावा काहीच नाही हो माझ्याकडे. उद्या चांगल्या माणसाचं नाव खराब झालं तर? काय करू?

गणिताच्या_बाई:
ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. मी शाळेत शिकवते आणि मुलांच्या समुपदेशनाचं कामही बघते. तुम्ही जे लिहिलंय त्यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर साधी वाटेल, बॅट काय कोणीही देईल, पण गुपित, एकटं गाठणं, रात्रीचे पुसले जाणारे मेसेज आणि आईवडिलांना लांब ठेवणं हे सगळं एकत्र आलं की थांबायचं. ह्याला ग्रूमिंग म्हणतात, म्हणजे पुढे लैंगिक छळ करता यावा म्हणून आधी विश्वास जिंकत जाणं. असा माणूस आधी घर जिंकतो, मग मूल. उद्या मुलाने तक्रार केलीच तर घरातलेच म्हणावेत की सर असं करूच शकत नाहीत, ती सोय तो आधीच करून ठेवतो. पहिलं गुपित मुद्दाम छोटं असतं, मूल ते पाळतं का ते बघायला. मग पायात गोळा आला म्हणून मालिश, कपडे बदलताना आत येणं, घाणेरडा जोक, मोबाईलवर काहीतरी दाखवणं. मूल गप्प बसतं कारण त्याला वाटतं मी बॅट घेतली, मी गाडीवर बसलो, म्हणजे माझीच चूक.

आणि तुमच्या ह्यांना सांगा, केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांत केलेल्या पाहणीत ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते. मुलगे तर अजूनच बोलत नाहीत, मित्र चिडवतील ही भीती असते.

पुरावा नाही म्हणता, पण गाडीवरून एकट्याने यायचं नाही आणि मुक्कामाला आईबाबांपैकी कोणीतरी असेल तरच जायचं, हे ठरवायला पुरावा कशाला लागतो? कोणावर आरोप करायची गरज नाही. आमच्या घरचा नियम आहे म्हणा आणि विषय संपवा. चांगला माणूस ते सहज मान्य करेल. जो चिडतो, मुलाच्या मनात तुमच्याविरुद्ध भरवतो, टीममधून काढायची भाषा करतो, त्याच्याबद्दल तुम्हाला अजून कळलं.

मुलाशी बोलताना समोर बसवून 'सरांनी तुला काही केलं का' असं विचारू नका, तो नाहीच म्हणेल. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेला असताना विचारा, सरांबरोबर काय काय गप्पा होतात, कधी कसंतरी वाटलं का. आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागू शकतं.

पन्हाळ्याचा_वाघ:
एवढं कशाला, चार जण घेऊन जा आणि मैदानावरच धरा त्याला. दोन पडल्या की पोपटासारखा बोलेल.

वकीलताई_पुणे:
दादा राग समजू शकते, मलाही येतो, पण प्लीज असं कोणी करू नका. तो सावध होतो, मोबाईल साफ करतो, बाकीच्या मुलांना धमकावतो आणि मारहाणीची केस उलट तुमच्यावर पडते.

सातपूरच्या ताई, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू. लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क ठेवणं, मोबाईलवरून का होईना, हासुद्धा त्यात गुन्हा आहे, म्हणजे अंगाला हात लावेपर्यंत थांबावं लागत नाही. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडेल अशी भीती असेल तरी पोलिसांना कळवायचं असतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. ऑनलाईन मुलांना अशा नात्यात ओढणं आयटी कायद्याच्या ६७ब मध्येही येतं. पोलिसांत जायची हिंमत होत नसेल तर आधी १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, चोवीस तास चालू असते.

सातपूरची_आई:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बोलला तो. सुरुवातीला काहीच नाही, मग म्हणाला सर सांगतात तुझ्या आईला ह्यातलं काही कळत नाही, तू फक्त माझ्याशी बोलत जा. आणि स्टोअररूममध्ये दार लावून मालिश करतात, मांडीच्या वर हात नेतात, मोबाईलवर एक व्हिडिओ पण दाखवला. सांगताना बॅटला ग्रिप गुंडाळत होता आणि सोडत होता, माझ्याकडे बघतच नव्हता. मला म्हणाला बॅट परत देऊया का. माझे हातपाय गळाले पण मी रडले नाही त्याच्यासमोर. आता हे पण तयार आहेत. अकॅडमीवाल्यांना फोन केला तर म्हणाले आधी आमच्याकडे लेखी द्या, आपसात बघू, पोरांचं करिअर आहे. आणि ह्याचा मोबाईल काढून घेऊ का?

गणिताच्या_बाई:
रडला नाहीत ते फार मोठं केलंत. त्याला आजच सांगा, बरं झालं सांगितलंस, तुझी काहीच चूक नाही, बॅट घेतली म्हणूनही नाही. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, मावशी-काका-आजी सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. मोबाईल शिक्षा म्हणून काढून घेतला तर सांगितलं की हे होतं एवढंच त्याला कळेल. पोलिसांना दाखवायला लागेल म्हणून सांभाळून ठेवतोय, असं त्याला समजावून घ्या.

वकीलताई_पुणे:
अकॅडमीला लेखी देत बसू नका. हे आपसात मिटवता येत नाही, उलट कळूनही पोलिसांना न कळवणं हा संस्थेच्या प्रमुखासाठी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

मोबाईलमधलं काहीही पुसू नका, सरांना ब्लॉक पण लगेच करू नका. मेसेज आला तर स्क्रीनशॉट काढण्यापेक्षा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, काही ॲपवर असे उडणारे मेसेज चालू असताना स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं. मुलाचा किंवा दुसऱ्या कुठल्या पोराचा नको तसा फोटो सापडला तर तो कोणालाही फॉरवर्ड करू नका, मला, नवऱ्याला, कोणालाच नाही, थेट फोनच पोलिसांना दाखवा.

उद्या दोघं मिळून जा. मुलाला पहिल्याच फेरीला घेऊन जायची गरज नाही. त्याचा जबाब तुमच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टर किंवा वरची अधिकारी असावी आणि युनिफॉर्ममध्ये नसावी, हे पोक्सोच्या कलम २४ मध्ये आहे, तुम्ही स्वतःहून मागा. मैदान दुसऱ्या हद्दीत येतं म्हणून कोणी परत पाठवायला लागलं तर झिरो एफआयआर म्हणा, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि त्याची प्रत फुकट मिळते ती घेतल्याशिवाय उठू नका. निघायच्या आधी मला इथे मेसेज टाका, मी फोनवर असते.