अनुभव धागा : लांबचा नेम

परवा बांधावर उभं असताना पुतण्या म्हणाला, "काका, त्या लिंबापासचं काळवीट इथून लागंल का हो?" म्हटलं, काळविटाच्या आधी तुला जेल लागंल. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. पण लांबचा नेम चुकतो कशानं, हा प्रश्न डोक्यात राहिला. ज्यांनी ज्यांनी कशानंही नेम धरलाय, त्यांनी लिहा. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता (औसा, माजी सैनिक)
भरतीनंतर पहिल्या फायरिंगला माझ्या गोळ्या टार्गेटभर पेरल्यासारख्या पडल्या. उस्तादनं रिकाम्या रायफलीच्या नळीवर, अगदी तोंडाशी, एक रुपया ठेवला आणि म्हणाला, घोडा दाब. रुपया खाली. दिवसभर तेच. चौथ्या दिवशी रुपया जागचा हलेना, तेव्हा कळलं की इतके दिवस मी घोडा दाबत नव्हतो, हिसकत होतो. दुसरी खोड नजरेची. मी टार्गेटकडं बघायचो. मक्खी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. 100 मीटरवर 3 सेंटिमीटरची चूक 300 वर 9 ची होते, आणि ती फक्त हाताची. शिवाय गोळी नळी सोडल्यापासूनच पडायला लागते. 0.4 सेकंदात कुठलीही वस्तू पाऊण मीटरच्या वर खाली येते, म्हणून तर अंतराप्रमाणं साईट (ज्यातून नेम धरतो ती पट्टी) चढवायची.

नांदेडकर, सध्या विस्कॉन्सिन (अमेरिका)
इकडं हरणाची शिकार कायदेशीर आहे. नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीचा हंगाम, अंगात भडक नारिंगी जाकीट. 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी शिकारीचा कोर्स करावा लागतो. मीही केला. रायफलीवरची दुर्बीण 100 यार्डांवर झिरो केलेली (म्हणजे तिथं नेम धरू तिथंच गोळी पडेल अशी जुळवलेली), टेबलावर वाळूची पिशवी, पाच गोळ्या एका लिंबाएवढ्या जागेत. मी खूश. शेजारचे म्हातारबा (तीस-चाळीस हंगाम काढलेले) म्हणाले, आता गोठ्याला दोन चकरा मार आणि बसून उडव. धापा टाकत उडवल्या तर तोच घोळका भाकरीएवढा! हरणाचं काळीज-फुप्फुस आठ-दहा इंचांत येतं. म्हातारबांनी हिशेब मांडला आणि माझी हद्द ठरवून दिली, 150 यार्ड.

आठव्या दिवशी नर आला, 280 यार्डांवर. पिशवीवर रायफल टेकवली, श्वास अर्धा सोडला, बोट घोड्यावर. वारा आडवा होता, गवत सगळं एका अंगाला झुकलेलं. ताशी 10 मैलांचा असा वारा 300 यार्डांवर .308 बोअरच्या रायफलीची गोळी सहा-आठ इंच ढकलतो. लागली असती पोटात, आणि रात्रभर बॅटरी घेऊन रक्त शोधत फिरलो असतो. उतरवली रायफल. त्या वर्षी फ्रिज रिकामाच राहिला, बायको अजून टोमणे मारते.

लातूरची एअर रायफलवाली
आमचं अंतर 10 मीटर, पण दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एवढ्यात नाडीसुद्धा साईटमध्ये उडताना दिसते. माझी चूक म्हणजे प्रत्येक शॉटनंतर साईट फिरवायची. सरांनी स्क्रूवर चिकटपट्टीच लावली. दहा शॉट न फिरवता मारले, मग दिसलं की साईट बरोबरच होती, माझा खांदा दर वेळी वेगळा बसत होता.

कॅमेरावाला, वैजापूर
मी हरणावर फक्त 600 मिलिमीटरची लेन्स रोखतो. मे महिना, दुपार, काळविटांचा कळप. शेकडो फोटो, सगळे पिठूळ. लेन्स दुरुस्तीला टाकली, पैसे गेले, फोटो तसेच. मग एकदा पहाटे उजाडता उजाडता त्याच माळावर गेलो, तर नराच्या पापण्या मोजता याव्यात! दोष उन्हाच्या झळांचा होता. मृगजळ हा शब्द लहानपणापासून ऐकतोय, पण लेन्सच्या बिलाशी त्याचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. आता नऊनंतर कॅमेरा पिशवीत. आणि लेन्स वाढवण्यापेक्षा पोटावर सरपटत अंतर कमी करतो. कोपरं सोलतात, फोटो येतो.

आजीचा नातू, केज
जोंधळा हुरड्यात आला की आजी माळ्यावर गोफण घेऊन बसायची. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. डोक्यावर दोन फेरे, तिसऱ्याला चिमूट सोडायची. हरणं पिकात शिरली की दगड बरोबर त्यांच्या पुढ्यात, हातभरावर पडायचा. एकदा म्हटलं, "आजे, लागत कसा नाही एकबी?" तर म्हणाली, "लागू दिऊ व्हय, मुक्या जिवाला? गाभण आसंल येखादी."

मीही फिरवली एकदा. चिमूट उशिरा सुटली. दगड मागं, चुलत्याच्या पत्र्यावर. चुलते आत झोपलेले होते.